पाखरांना न बोलावणारा दिवा

रिसोडच्या बाजारात आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, नवऱ्याने वाढवलं आणि आता काउंटरवर बहुतेक वेळ मी असते. नवऱ्याला माल आणायच्या निमित्ताने अकोल्याला जायची हौस आणि मला बोलायची, त्यामुळे कामाची वाटणी भांडण न होता झाली. वायरी, होल्डर, पंख्याचे रेग्युलेटर, सगळंच विकतो, पण खरा खप बल्बचा.

नवं घर बांधलेलं गिऱ्हाईक मला दुरून ओळखू येतं. केनवडचं असो की रिठदचं, नवराबायको दोघं येतात आणि दोघांची मागणी एकच असते. "ताई, पांढरा द्या. दुधासारखा." मी कधी पिवळसर बल्ब लावून दाखवला तर चेहरे उतरतात. एक बाई म्हणाली होती, "हा नको. हा लावला की लाईन कमी येऊन राह्यली असं वाटते." मला तिचं हसू आलं नाही. ज्यांनी कमी व्होल्टेजच्या मिणमिणत्या बल्बखाली अभ्यास केला, स्वयंपाक करताना डोळे ताणले, त्यांना लख्ख पांढरा उजेड म्हणजे घराला बरे दिवस आल्याची खूण वाटते. पाहुणा आला की आधी सगळे लाईट लागतात, चहा मागाहून येतो.

आमचं घरही वेगळं नव्हतं. बल्ब विकणाऱ्याचं घर म्हटल्यावर नवऱ्याने प्रत्येक खोलीत असा काही उजेड पाडला होता की स्वयंपाकघरात सुई पडली तर गल्लीतून दिसावी. फक्त सासूबाईंची खोली आणि तिच्यापासून मोरीकडे जाणारा बोळ, एवढा भाग रात्री काळाकुट्ट असायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे अक्षरशः होता, आणि तो सासूबाईंनी स्वतः हट्टाने राखलेला होता.

आम्ही जैन. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे आमची संध्याकाळ इतरांपेक्षा लांब असते. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. पहाटे उठून जाप, मग अंघोळ, मग दोन गल्ल्या पलीकडच्या मंदिरात देवदर्शन, आणि त्या दर्शनाशिवाय तोंडात दाणा घालायचा नाही. हा नियम त्यांनी लग्नाच्या आधी घेतलेला होता आणि बाळंतपणं सोडली तर तो मोडल्याचं कोणाला आठवत नाही.

दुसरा एक नियम मात्र पोथीतला नसून त्यांचा स्वतःचा होता. पहिला पाऊस पडला की दिवाळीपर्यंत रात्री त्यांच्या खोलीत आणि बोळात दिवा लावायचा नाही. आमचं घर गावाच्या कडेला आहे. मागच्या भिंतीला लागूनच शेतं, त्यात सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. पावसाळ्यात तिकडच्या बाजूला दिवा लावला की पंख असलेलं झाडून सगळं आत येतं. चिलटं, तुडतुडे, पंखवाल्या मुंग्या, कधी हाताच्या पंजाएवढी पाकोळी; या सगळ्यांना आमच्याकडे पाखरंच म्हणतात. ते दिव्याभोवती फिरतं, दमतं, खाली पडतं आणि मग पायाखाली येतं. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. "आपल्याले दिसावं म्हनून त्याइनं मरावं काय?"

आम्ही बल्ब विकतो यावर मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. पोटासाठी करावं लागतं ते करावं, पण घरात तरी हात राखावा, असा काहीसा हिशेब त्यांच्या मनात असावा. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि त्यांनी खरं सांगितलं असतं तर दुकानात बसणं अवघड झालं असतं.

अंधारात चालायची त्यांची एक रीत होती. त्या पाऊल उचलून टाकत नसत, जमिनीवरून घासत पुढे नेत. रात्री बोळातून सर्र, सर्र असा आवाज आला की त्या मोरीकडे निघाल्या हे मला झोपेतही कळायचं. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, यांचे गुडघे दुखत असतील. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "उचलून टाकला पाय तं खाली असन ते चिरडते. घासत नेला तं सरकते बिचारं बाजूले, त्याचा जीव वाचते." गुडघे ठणठणीत होते. जमिनीवर जे कोणी असेल त्याला त्या बाजूला व्हायला वेळ देत होत्या.

आणि त्या घासत्या पायानेच घात केला. श्रावणातली गोष्ट. मोरीच्या दारात मी एक पायपुसणं टाकलेलं होतं, त्याची कड ओलीने वळली होती. पाय उचलून टाकणारा माणूस त्याच्यावरून सहज गेला असता. सासूबाईंचं बोट त्या कडेत अडकलं, त्या पुढे कलंडल्या आणि हात टेकायला गेल्या तो मनगटावर भार आला.

वाशिमला नेलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन बोलले. हाडं ठिसूळ झाली आहेत, या वेळी मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी खुब्याचं हाड गेलं तर उठणं कठीण. रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा हवाच. झोप पुरती व्हायला हवी, अर्धवट झोपेत तोल जातो. आणि अंगात ताकद राहिलेली नाही, तेव्हा उपासतापास सगळे बंद, दोन्ही वेळ पोटभर जेवण. नवरा मान हलवत होता. मी मात्र पुढचं पाहत होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तर मंदिरात जाणार नाहीत, मंदिरात गेल्या नाहीत तर जेवणार नाहीत. आणि त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही ठाऊक होतं की त्या खरोखरच जेवणार नाहीत. गाडीत बसेपर्यंत नवऱ्यालाही ते उमगलं असावं.

म्हणजे आता आमच्यासारख्या बल्बवाल्यांना आपल्याच घरासाठी एक बल्ब निवडायचा होता. नवऱ्याने त्यात काय एवढं म्हणून दुकानातून निळा झिरोचा बल्ब आणला. झोपायच्या खोलीसाठी सगळं गाव तोच नेतं. सासूबाईंनी बघितलं, पण हात गळ्यात बांधलेला आणि मुलगा स्टुलावर चढलेला, त्यांनी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोळात गेले तर त्या एका हातात मऊ फडकं घेऊन वाकल्या होत्या. बल्बच्या खाली फरशीवर पाखरांचा सडा पडला होता. काही अजून हलत होती. हलणारी त्या फडक्याच्या टोकावर घेऊन खिडकीबाहेर सोडत होत्या आणि उरलेली एका कागदावर गोळा करत होत्या. मी फडकं घ्यायला गेले तर दिलं नाही. त्या दिवशी दर्शनाहून आल्या आणि ताट वाढलं तर म्हणाल्या, "मले नको. उपास हाये."

"आई, डॉक्टरांनी काय सांगतलं?"

"डॉक्टरनं सांगतलं ते मले माईत हाये. इतके जीव गेले माह्या पायी, अन् मी भाकर खाऊ काय?"

मी म्हटलं, दिवा आम्ही लावला, तुम्ही नाही. त्या म्हणाल्या, उजेड कोणासाठी होता? दिवसभर उकळून गार केलेल्या पाण्यावर राहिल्या. संध्याकाळी चेहरा इतका उतरला होता की नवऱ्याने स्वतःच स्टूल आणून निळा बल्ब काढला.

मग मी डोकं चालवलं. आमच्याकडे सेन्सरचा लाईट आहे, माणूस जवळ आला की लागतो आणि गेला की विझतो. रात्रभर जळायचा प्रश्नच नाही, पाखरं येतील कशाला? मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. तो लाईट बोळात बसवला आणि निर्धास्त झाले. सकाळी सासूबाई जाप आटोपून आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काल रात्री मले तीनदा सकाळ झाली."

झालं असं की आमच्या बोळात एक पाल आहे. ती भिंतीवरून फिरली की लाईट लागायचा, आणि तोही दुधासारखा पांढरा. दाराच्या फटीतून उजेड आत आला की सासूबाईंना वाटायचं उजाडलं. उठून बसायच्या, जाप सुरू करायच्या, मधेच लाईट विझायचा. असं झालं की पुन्हा झोप कुठली येणार? आणि लाईट लागला की पाखरं यायची आणि पाल टिपायची. "तुह्या लाईटानं पालीचं अन्नछत्र उघडलं," त्या म्हणाल्या. मला हसू आलं, त्यांनाही आलं असावं, पण त्या दिवशीही त्यांनी ताटाला हात लावला नाही. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं मला. संध्याकाळच्या आत लाईट उतरवला.

त्यानंतर मी माझी गादी उचलली आणि त्यांच्या दारासमोर टाकली. सर्र आवाज आला की उठायचं, मोबाइलचा उजेड हाताच्या ओंजळीत झाकून पुढे धरायचा आणि दुसऱ्या हाताने त्यांचं कोपर. त्या विचारायच्या, "तू काहून उठली?" मी म्हणायची, "मलेबी जायचं होतं." त्यांनी ते खरं मानलं नाही आणि मानल्यासारखं केलं. एकदा मोबाइलचा उजेड डोळ्यावर गेला की माझी झोप उडायची. मग त्या परतल्या तरी मी छताकडे बघत पडायची, पुढच्या आवाजाची वाट बघत. आवाज नसला तर तो का नाही म्हणून उठून त्यांचा श्वास ऐकायची. तान्ह्या लेकरांच्या वेळीही मी इतकी जागले नव्हते.

दुकानात पेंग यायला लागली. केनवडच्या एका माणसाने होल्डर मागितला तर मी पंख्याचं रेग्युलेटर बांधून दिलं. तो बिचारा घरी जाऊन परत आला आणि पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाला, "ताई, झोपीत दिलं काय?" मी माफी मागितली. तो चांगला माणूस होता, हसून गेला. पण मला त्या दिवशी भीती वाटली. मी अशीच झोपेत कधी गॅस सुरू ठेवला तर, किंवा रात्री तो आवाज मला ऐकूच आला नाही तर?

आणि मग ते पाण्याचं लक्षात आलं. रोज दिवस मावळायच्या आधी मी त्यांना पाण्याचा पेला देते, रात्रीपुरता शेवटचा. आधी तो रिकामा परत यायचा. आता त्या ओठ ओले करून ठेवून देत होत्या. दुपारचंही तसंच. मी विचारलं तर म्हणाल्या, तहान नाही. तहान कशी नसेल? भादव्यातलं ऊन, अंगाला घामाच्या धारा. त्यांनी पाणी तोडलं होतं, कारण पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं आणि त्या उठल्या की मी उठते. मला राग आला. कोणाचा, ते नीट सांगता येणार नाही. त्यांचा आला, माझा आला, आणि त्या मेल्या पाखरांचाही आला.

त्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी वर पाहिलं. आमच्या पाटीवरच्या पांढऱ्या ट्यूबभोवती पाखरांचा नुसता गराडा होता. शेजारी मिठाईचं दुकान आहे, त्याने जिलबीच्या परातीवर जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब टांगलेला असतो, जिलबी सोनेरी दिसावी म्हणून. त्याच्याभोवती पाखरं होती, पण थोडकी. इतकी वर्षं मी रोज त्या दोन दिव्यांच्या मधे उभी राहून माल विकत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

मग मी वाचायला लागले. बल्बच्या खोक्यांवर बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं असतं, ते बल्ब विकणारे कधी वाचत नाहीत. मोबाइलवरही शोधलं. जे कळलं ते थोडक्यात असं. पांढऱ्या आणि निळ्या उजेडात दिवसाच्या उजेडाचा अंश असतो. तो डोळ्यात गेला की अंगाला वाटतं दिवस आहे, आणि झोप लांब पळते. पिवळा त्याहून बरा, नारिंगी आणि तांबडा त्याहून बरा, आणि तोही मंद, डोळ्यांच्या खाली राहील असा. आणि गंमत अशी की पाखरांचंही बरंचसं तसंच. निळ्यापांढऱ्याकडे ती धाव घेतात, नारिंगीकडे फारशी फिरकत नाहीत. म्हणजे जो निळा बल्ब सगळं गाव झोपायला म्हणून नेत होतं, तो झोपेलाही वाईट होता आणि पाखरांनाही. माझ्या सासूचं आणि पाखरांचं एका बाबतीत जमत होतं, पांढऱ्या उजेडात दोघांनाही चैन नव्हती.

वाचलेलं सासूबाईंना सांगून उपयोग नव्हता, त्यांना डोळ्यांनी दाखवायला हवं होतं. एका संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर मागच्या गॅलरीत मी पांढरी चादर अंथरली. वर होल्डर टांगला. दुकानातून एक पिशवी भरून बल्ब आणले होते. नवरा स्टुलावर, सासूबाई खुर्चीवर, पाल हाकलायला माझ्या हातात वर्तमानपत्राची सुरळी. त्यांची अट होती की कोणताही बल्ब चटकन बंद करायचा, म्हणजे आलेली पाखरं दमायच्या आत उडून जातील.

पांढरा लावला आणि चादर पाहता पाहता ठिपक्यांनी भरली. "बंद कर, बंद कर," सासूबाई म्हणाल्या. अंधारात थांबलो, पाखरं गेली. निळा लावला, तेच. साधा पिवळा लावला तर चादरीचं बरंच अंग मोकळं राहिलं. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग तांबडा लावला. चादरीवर जवळजवळ काही आलं नाही, पण आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो, कारण तिघांचे चेहरे भलतेच दिसत होते.

"हे घर हाये का ऑपरेशनची खोली?" नवरा म्हणाला. "पाहुना आला तं बाहेरूनच परत जाईन."

शेवटी नारिंगी लावला. मंद, चुलीतल्या निखाऱ्यासारखा. चादरीवर एखाददुसरं चिलट फिरकलं आणि निघून गेलं. सासूबाई बराच वेळ चादरीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पन हा वर कायले टांगता? मले छत पाह्यचं नाई. मले पायापुरती जमीन दिसली म्हनजे झालं." बरोबर होतं त्यांचं. खाली, घोट्याच्या उंचीवर, भिंतीकडे तोंड करून लावला तर उजेड डोळ्यात जाणार नाही आणि खिडकीबाहेरही नाही. मी आनंदाने उठले, वायर कुठून न्यायची ते मनात आखायलाही लागले.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "याच्यानं एकबी मरनार नाई?"

"नाई आई, गॅरंटी," नवरा म्हणाला. त्याचं तोंडच तसं झालंय, दुकानात दिवसभर तेच म्हणावं लागतं.

त्यांनी मुलाकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत होत्या. मी हो म्हणाले असते तर त्यांनी विश्वास ठेवला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता, खुबा वाचणार होता, पाणी सुरू होणार होतं, मला झोप मिळणार होती. पण खोटं बोलून त्यांच्या माथी पाप कसं टाकू? त्या त्याला पापच म्हणतात, आणि ते त्यांना नकळत त्यांच्या पायाशी जमत राहिलं असतं. मी म्हटलं, "एखादं तं मरनच, आई. लय कमी मरतीन. पन एकबी नाई असं मले सांगता येत नाई."

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "अंधारात चालता तेव्हा खाली काय हाये ते दिसते काय तुमाले? मुनीमहाराज रात्री चालतात काय? नाई चालत. काहून नाई चालत? दिसत नाई म्हनून. मुंगी असन, गोम असन, तुमचा पाय घासत जाते, ते सरकते का रगडलं जाते, तुमी कधी पाह्यलं?" नवरा स्टुलावरून मला गप्प राहायच्या खुणा करत होता. सुनेने सासूला धर्म शिकवायचा, तोही आवाज चढवून, असं आमच्या घरी कधी झालं नव्हतं.

सासूबाई दारात थांबल्या. रागावल्या नाहीत. "ते बी खरंच हाये," एवढंच म्हणाल्या आणि अंधारातच खोलीत गेल्या. त्या रात्री मी गादीवर पडले, पण बोळातून आवाज आला नाही. त्या उठल्याच नाहीत, आणि मीही झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी तांदूळ शोधत बसले होते. आमच्याकडे धान्य निवडणं नाही म्हणत, शोधणं म्हणतात. दाणा न दाणा बघायचा, किडा दिसला तर अलगद बाजूला काढून बाहेर सोडायचा. हे काम घाईत किंवा पेंगत करायचं नसतं, सासूबाईंची ती पहिली शिकवण. आणि मी पेंगले. सूप मांडीवर, पाठ भिंतीला, डोळा लागला तो नीटच लागला.

जाग आली तेव्हा सूप मांडीवर नव्हतं. समोर सासूबाई बसल्या होत्या, सूप त्यांच्यापुढे, आणि एका हाताने तांदूळ शोधत होत्या. सगळा बोटांनी पसरून बाजूला केलेला, थोडासाच उरला होता. त्यावरून मी बराच वेळ झोपले असणार. मी ओशाळून उठायला लागले.

"बस," त्या म्हणाल्या. "किती दिसापासून झोपली नाई तू?"

"नाई आई, सहजच लागला डोळा."

त्यांनी मान वर केली नाही. सुपातला एक दाणा उचलून उजेडात धरला, पाहिला, परत ठेवला. "आज सांजेले लावून टाक तो दिवा," त्या म्हणाल्या. "अन् ते गादी उचल माह्या दारातून. आपल्या खोलीत जाऊन निजजो."

कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, त्यांचं मन बदलेल अशी भीती होती. नवऱ्याला फोन करून दुकानातून बोलावलं आणि उन्हं कलायच्या आत बोळाच्या कोपऱ्यात, घोट्याच्या उंचीवर, नारिंगी दिवा भिंतीकडे तोंड करून बसवला. पायपुसणं तर मी त्यांच्या पडण्याच्या दिवशीच फेकलं होतं. सूर्य बुडायच्या आधी पेला दिला, त्यांनी तो सगळा प्यायला आणि रिकामा पेला माझ्याकडे बघत परत दिला.

मी जागी झाले तेव्हा तोंडावर ऊन होतं. क्षणभर कळलंच नाही. मग धावत सुटले. त्यांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं, खोलीत कोणी नाही. मोरीत पाहिलं, गॅलरीत पाहिलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि सासूबाई आत आल्या, कपाळाला गंध, शेजारच्या काकूंचा हात धरलेला. दर्शन घेऊन परतत होत्या.

"मले उठवलं काहून नाई?" मी म्हटलं.

"कायले उठवू? मी रात्री दोनदा गेलो अन् आलो. पाय दिसत होते मले माहे." मग म्हणाल्या, "झोप लागली मंग परत. मेल्यावानी."

मला इतका आनंद झाला की काय करू आणि काय नको असं झालं. चूल नाही पण गॅस पेटवला, गरम भाकर थापली, वरण, वर तूप. ताट वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते हलकेच माझ्याकडे सरकवलं.

"मले नको आज. उपास हाये."

मी तशीच उठून बोळात गेले. गुडघ्यांवर बसून दिव्याखाली पाहिलं, कोपरे पाहिले, भिंतीच्या कडेने बोट फिरवलं. फरशी स्वच्छ होती. परत येऊन म्हटलं, "एकबी नाई मेलं, आई. मी नीट पाह्यलं."

"माईत हाये. मी बी पाह्यलं सकाळी."

"मंग उपास कायचा?"

त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, भाकरीचं पीठ लागलेल्या. "पाखरांचा नाई, तुह्या झोपीचा," त्या म्हणाल्या. "दारात जीव तळमळत पडला होता माह्या, रोज. मी पाखरं मोजत राह्यलो, तुले मोजलंच नाई."

रडू आलं ते मी लपवलंही नाही. डॉक्टर, औषधं, अशक्तपणा, काय काय म्हणायचं होतं. शेवटी लहान पोरीसारखी म्हटलं, "तुमी नाई जेवत तं मंग मीबी नाई जेवत."

त्यांनी ताट पुन्हा माझ्यापुढे ओढलं, प्लास्टरच्या हाताने भाकरीचा तुकडा कसाबसा मोडला आणि वरणात बुडवला.

"जेव," त्या म्हणाल्या. "उपाशी पोटी झोप येत नाई मानसाले."